मासे पुढच्या महिन्यात

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी सकाळी सव्वादहाला फोन वाजला. ऑफिसातला मित्र! शनिवारी सकाळी ऑफिसातल्या माणसाचा फोन आला की पोटात गोळाच येतो, पण त्या दिवशी सर्व्हर वगैरे काही झोपलेलं नव्हतं.

"अरे, मी अॅक्वेरियमच्या दुकानात उभा आहे. उद्या पोराचा वाढदिवस. त्याला मासे हवेत. तुझ्या घरी टाकी आहे ना? काय काय घेऊ, पटकन सांग."

"टाकी घे, फिल्टर घे, पाणी तपासायचं किट घे," मी म्हटलं, "आणि मासे पुढच्या महिन्यात घे."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग हसण्याचा आवाज. "बरं, विनोद पुरे. गोल्डफिश घेऊ की ते रंगीत शेपटीवाले?"

मी विनोद करत नव्हतो. पण दुकानात, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पोराचा हात धरून उभ्या असलेल्या माणसाला पाच मिनिटांत हे समजावून सांगणं काही मला जमलं नाही. म्हणून हा लेख. त्याच्यासाठी थोडा उशीर झाला, पण तुमच्यापैकी कुणीतरी येत्या वीकएंडला त्याच दुकानात उभं असणार याची मला खात्री आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. पाच-सहा आठवडे माशांशिवाय नुसतं पाणी चालवायची तयारी नसेल, तर मासे आणू नयेत. मुलांना खूश करायला तर अजिबात आणू नयेत.

हे शहाणपण मला जन्मजात नव्हतं, त्याची किंमत दोन माशांनी दिली आहे.

तर झालं असं. आमच्या कन्येचा सहावा वाढदिवस होता. मी (डेडलाईनमुळे) अगदी आदल्या संध्याकाळी दुकानात गेलो आणि काचेचं गोल भांडं, त्यात टाकायला निळे खडे, एक प्लास्टिकचं झाड आणि दोन गोल्डफिश असं सगळं वीस मिनिटांत घेऊन बाहेर पडलो. भांड्यात फार तर सहा-सात लिटर पाणी मावत असेल. दोन्ही मासे केशरी, म्हणून कन्येने नावं ठेवली बुंदी आणि जिलबी. दिवसभर ती भांड्यासमोर बसून होती. टीव्ही बंद! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मी सुजाण पालक असल्यामुळे भांडं घासूनपुसून लख्ख केलं, खडे नळाखाली धुतले, सगळं पाणी ओतून नळाचं ताजं भरलं. सहाव्या दिवशी पुन्हा तेच. आठव्या दिवशी बुंदी पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळायला लागली. कन्येला वाटलं तिला भूक लागली आहे, म्हणून तिने आणखी खाणं घातलं. नवव्या दिवशी बुंदी गेली आणि अकराव्या दिवशी जिलबी.

कन्येने विचारलं, "बाबा, तिला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "देवाघरी गेली."

"ते कळलं. पण झालं काय होतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, मासे असे मरतातच. दुसरे घेऊन जा, स्वस्तच आहेत." आई म्हणाली, "अरे, घरावर काहीतरी यायचं होतं, ते माशाने स्वतःवर घेतलं. चांगलंच झालं म्हणायचं." हे वास्तूवालं वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. फिशटँक ठेवलेल्या निम्म्या घरांत ते ऐकू येतं.

आता गंमत बघा. ऑफिसात रात्री दोनला सर्व्हर पडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण आरसीए मागतो. म्हणजे रूट कॉज अॅनालिसिस. कुणी "सर्व्हर असे पडतातच" किंवा "कंपनीवरचं संकट सर्व्हरने स्वतःवर घेतलं" असं लिहून पाठवलं, तर काय होईल? पण घरात दोन जीव अकरा दिवसांत मेले आणि आम्ही तिघांनी, म्हणजे मी, दुकानदाराने आणि आईने, तीन वेगवेगळ्या वाक्यांत फाईल बंद करून टाकली. आरसीए मागितला तो फक्त सहा वर्षांच्या मुलीने.

त्या रात्री वाचायला बसलो. आणि दोन तासांत कळलं ते असं, की बुंदी-जिलबीला कुठलाही रोग झालेला नव्हता. त्या विषबाधेने मेल्या होत्या. विष त्यांच्याच अंगातून बाहेर पडत होतं आणि ते काढून टाकणारी यंत्रणा मी दर दोन दिवसांनी नळाखाली धुऊन टाकत होतो.

हे नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा कचरा तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, मुख्यतः कल्ल्यांमधून. नदीत हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. सहा लिटरच्या भांड्यात तो जाणार कुठे? उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. तो कल्ले जाळतो. मासा वर येऊन हवा गिळतो तो भुकेने नाही, तर श्वास घेता येत नाही म्हणून. आणि आपण काय करतो? आणखी खाणं घालतो.

निसर्गात यावर तोडगा आहे. काही जिवाणू अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राईट करतात. पण नायट्राईटही माशांना विषारीच असतं, ते रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राईटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. थोडं झाडंही शोषून घेतात. याला मासे पाळणारे लोक सायकल म्हणतात आणि हे जिवाणू टाकीत वस्तीला येईपर्यंतच्या काळाला सायकलिंग.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. आणि त्यांची वाढ अतिशय मंद असते. आपल्या पोटातला ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस-एक मिनिटांत दुप्पट होतो, तर या मंडळींना दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस लागतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणून चार ते सहा आठवडे. हा आकडा कुणाच्या हौसेचा नाही. टीममध्ये आणखी माणसं घालून तो कमी होत नाही (मॅनेजर मंडळींनी नोंद घ्यावी).

माझ्यासारख्यांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. बरीच वर्षं पुस्तकांत लिहिलेलं असायचं की दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू करतो. १९९८ मध्ये संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा हे काम नायट्रोस्पायरा करताना सापडला. आणि २०१५ मध्ये कळलं की काही नायट्रोस्पायरा पहिली आणि दुसरी अशा दोन्ही पायऱ्या एकटेच उरकतात. त्या शोधातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच आला होता. म्हणजे दिवाणखान्यात कोपऱ्यात गुरगुरणाऱ्या त्या स्पंजमध्ये काय चाललंय, हे विज्ञानालाही आत्ता आत्ता उलगडतंय. आणि आपण तो नळाखाली पिळून 'स्वच्छ' करतो!

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो मुळात जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो आणि तो आपलं काम चोख करतो. म्हणजे मी बुंदी-जिलबीसाठी जे काही प्रेमाने केलं, सगळं पाणी बदललं, खडे धुतले, जास्त खायला घातलं, त्यातलं प्रत्येक काम त्यांना मरणाच्या थोडं जवळ नेत होतं.

हे कळल्यावर मी कन्येला खरं सांगितलं. देवाघरची गोष्ट मागे घेतली. म्हटलं, "पाणी तयार नव्हतं आणि बाबाला ते माहीत नव्हतं." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग आधी पाणी तयार करूया."

एवढं सरळ होतं बघा ते. आम्ही तसंच केलं. ते कसं केलं ते सांगतो, म्हणजे नुसतं भाषण होणार नाही.

सर्वप्रथम गोल भांडं माळ्यावर. (इटलीत मोंझा गावाने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी घातली होती. तेव्हा मी हे वाचून हसलो असतो.) त्याऐवजी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी आणली. काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर. नवशिक्यांना वाटतं छोटी टाकी सोपी, पण खरं उलट आहे. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर महागात पडते. मात्र मोठ्या टाकीचं वजन ध्यानात घ्या. पाणी, काच, वाळू मिळून ७०-७५ किलो सहज होतात. टीव्हीच्या तकलादू युनिटवर ती ठेवू नका, आणि खिडकीच्या उन्हातही नको, शेवाळ माजतं.

एक स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप. दिसायला काही खास नाही, पण जिवाणूंना राहायला झकास जागा. हा चोवीस तास चालू ठेवायचा. "रात्री मासे झोपतात, मग कशाला वीज जाळायची" असं म्हणून बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. मासे झोपतात, पण जिवाणूंना ऑक्सिजन रात्रीही लागतो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून एक बॅटरीवर चालणारा पंप घेऊन ठेवला आहे.

पाणी नळाचंच, पण डिक्लोरिनेटरचे थेंब घालून. बादलीत रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बराचसा उडून जातो, पण पाण्यात क्लोरामाईन असेल तर तो तसा उडत नाही, म्हणून थेंब बरे. शिवाय थर्मामीटर, आणि थंडीच्या रात्रींसाठी हीटर.

आणि टेस्ट किट. बाटल्यांमधून थेंब टाकून रंग बघायचा तो प्रकार. अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट आणि पीएच. हे किट माशांपेक्षा महाग पडतं, म्हणून कुणी घेत नाही. पण त्याशिवाय तुम्ही लॉग न बघता सिस्टीम चालवत आहात.

मग सुरू झाला रिकाम्या टाकीचा कार्यक्रम. रोज सकाळी कन्या चिमूटभर माशांचं खाणं नसलेल्या माशांसाठी टाकायची. ते कुजणार, अमोनिया होणार, जिवाणूंना जेवण मिळणार. पहिले आठ-दहा दिवस अमोनिया चढत गेला. तिसऱ्या आठवड्यात तो उतरायला लागला आणि नायट्राईटचा रंग जांभळा झाला, इतका जांभळा की कन्येने तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "आता यात मासा असता तर?" मी नुसती मान हलवली. पाचव्या आठवड्याच्या शेवटी नायट्राईटही खाली आलं. खाणं टाकलं तरी दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे शून्य आणि नायट्रेट मात्र दिसतंय. पाणी तयार!

या पाच आठवड्यांत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एकच प्रश्न विचारला, "मासे कुठे आहेत?" काकांनी तर "आयटीवाल्यांचे मासे पण व्हर्च्युअल का?" असं विचारून घेतलं. आईला काळजी वाटली की रिकामी टाकी घरात ठेवणं अशुभ असावं. कन्या मात्र प्रत्येकाला तोच खुलासा ऐकवायची. "आत जिवाणू आहेत. ते दिसत नाहीत, पण जेवतात." माझ्या अख्ख्या करिअरमध्ये इतकं नेमकं डॉक्युमेंटेशन मी लिहिलेलं नाही.

मग मासे कोणते? इथे माझं दुसरं मत. आपल्याकडे जे पाणी येतं, त्याला मानवणारे मासे निवडावेत, आवडलेल्या माशांसाठी पाण्याशी झगडू नये. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि ते बोअरचं पाणी जड असतं. गप्पी, मॉली अशा माशांना जड पाणी चालतं. निऑन टेट्रा मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला मऊ पाणी हवं. शिवाय पीएचचा आणखी एक घोळ आहे. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी शंभरातला एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तेच प्रमाण साधारण पाच टक्क्यांवर जातं. म्हणजे किटवर आकडा तोच, पण मासा वेगळ्याच संकटात.

आम्ही सुरुवात झेब्रा डॅनियोपासून केली. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे, दिवसभर धावपळ. हा आपल्याच उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत, मुंबईच्या टीआयएफआरमध्येसुद्धा, त्याच्यावर संशोधन चालतं. तो कळपात राहतो, म्हणून सहा आणले. सगळे एकदम नाही, आधी तीन आणि दोन आठवड्यांनी तीन. कारण जिवाणूंची संख्या लोडप्रमाणे वाढते आणि तिलाही वेळ लागतो.

आता काय आणू नये. गोल्डफिश छोट्या टाकीत नकोच. तो हातभर वाढायला बघतो, भरपूर घाण करतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता! अकरा दिवस आणि त्रेचाळीस वर्षं, या दोन आकड्यांमध्ये जे काही आहे ते सगळं पाणी आहे. दुकानात 'शार्क' म्हणून मिळणारं चंदेरी पिल्लू मोठेपणी मीटरभराचं होतं. ऑस्कर फूटभर होतो. आणि "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारतात तो सकर दीड फुटाच्या घरात जातो.

"एका गॅलनला एक इंच मासा" हा हिशोबही कुणी सांगितला तर जपून वापरा. मासा लांबीने सहापट झाला की वजनाने सहापट होत नाही, सहाचा घन, म्हणजे २१६ पट होतो. एक सहा इंची मासा म्हणजे सहा एक इंची मासे नव्हेत.

आणि मासा टाकीत मावेनासा झाला, तर? लोक काय करतात ते मला माहीत आहे. पिशवीत घालून नदीत किंवा तलावात 'मोकळा' सोडतात आणि पुण्य मिळवतात. हे पुण्य बिलकुल नाही. दक्षिण अमेरिकेतला सकर आज आपल्या अनेक नद्यांत पसरला आहे, उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यातही तो येतो. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळं फाटतं. तुमच्या दिवाणखान्यातल्या वीस मिनिटांच्या खरेदीची भरपाई तो मच्छिमार करतोय. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण पाण्यात सोडू नका.

आता दुकानदाराबद्दल. वरचं वाचून त्याला खलनायक ठरवू नका. मी नंतर त्याच दुकानात बऱ्याचदा गेलो. एकदा विचारलंच, "हे सगळं तुम्हाला माहीत आहे ना?" तो म्हणाला, "साहेब, माहीत आहे. पण मी 'पुढच्या महिन्यात या' म्हटलं, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. आणि तो लगेच देतो." यावर काय बोलणार? आपणच असे आहोत. दहा मिनिटांत किराणा, दोन दिवसांत फर्निचर आणि आजच्या आज तळं. जे गिऱ्हाईक थांबायला तयार नाही, त्याला मरणारा मासाच विकला जाणार. बाजार बदलायचा तर गिऱ्हाईकाने "आज फक्त टाकी द्या" म्हणायला शिकलं पाहिजे. ते वाक्य मी त्या दुकानात म्हटलं, तेव्हा त्याने वाळूचे पैसे घेतले नाहीत. कदाचित धक्क्याने असेल.

यावर कुणीतरी म्हणेल, की एवढं सगळं करण्यापेक्षा मासे पाळूच नयेत. काचेच्या पेटीत जीव कोंडायचा कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. ज्याला असं मनापासून वाटतं त्याने टाकी आणू नये, आणि माझा त्याला मानाचा नमस्कार. पण जो आणणारच आहे त्याने मग अर्धवट तरी आणू नये. मुलांना जीव लावायला शिकवायचं म्हणून आपण मासे आणतो आणि अकरा दिवसांत शिकवतो काय? की जीव स्वस्त असतात, मेला तर दुसरा मिळतो आणि का मेला ते विचारायचं नसतं. हा धडा नको असेल तर पाच आठवड्यांची रिकामी टाकी ही काही फार मोठी फी नाही.

असो. माझ्या त्या मित्राचं काय झालं?

त्याने त्या दिवशी एक फुटाची टाकी आणि चार गोल्डफिश घेतले. गुरुवारी मेसेज आला, "पाणी दुधाळ झालंय. सगळं बदलू का?" मी लगेच फोन केला. "सगळं अजिबात बदलू नकोस. पाव पाणी काढ, तितकंच क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी घाल. रोज कर. उद्या खाणं बंद, मग एक दिवसाआड चिमूटभर. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळ, नळाखाली नाही." तुमच्यापैकी ज्यांनी मासे आधीच आणले आहेत, त्यांच्यासाठीही हेच. अमोनिया रोज तपासा, आणि तो ०.५ च्या पुढे गेला तर त्या दिवशी अर्धं पाणी बदला.

शनिवारी मी माझ्या टाकीतला अर्धा जुना स्पंज कापला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकीचं पाणी घालून त्यात ठेवला आणि त्याच्या घरी घेऊन गेलो. (कुणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर हा सगळ्यात चांगला शॉर्टकट. पाच आठवड्यांचे दोन-तीन होऊ शकतात.) त्याच्या मुलाने डबा उघडून पाहिला. आत काळपट, चिखलाने माखलेला स्पंजचा तुकडा.

"काका, हे काय आहे?"

"तुझ्या माशांसाठी वाढदिवसाची भेट."

त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते पटावं अशी अपेक्षाही नव्हती. पण स्पंज त्यानेच टाकीत ठेवला.

काल मित्राचा मेसेज आला. चारपैकी एक मासा गेला, तीन आहेत. अमोनिया ०.२५ वर आलाय. दुकानदाराशी बोलून तो पुढच्या महिन्यात गोल्डफिश परत देऊन त्या टाकीला झेपतील असे मासे आणणार आहे. आणि खाली एक ओळ होती. "तो का मेला असं पोराने विचारलं. मी खरं सांगितलं."

मी त्याला उत्तर पाठवलं, आरसीए अॅप्रूव्हड.